४१ लाखांचा फ्लॅट, हातात साडेपाच लाख. डाउन पेमेंटचं कसं जुळवायचं?

पहिलं_घर_मोशी

पहिलंच घर घेतोय, जाणकारांनी हिशेब तपासून द्यावा.

पिंपरी-चिंचवडमधल्या मोशीत बांधकाम चालू असलेला वन बीएचके. कार्पेट (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) ४६ चौरस मीटर, करारनाम्याची किंमत ४१ लाख, प्रकल्प महारेरात (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे) नोंदलेला. माझा हातात येणारा पगार ६२ हजार, बायकोचा २४ हजार. सध्याचं भाडं १६ हजार. एफडी आणि बचत खातं मिळून साडेपाच लाख. माझ्या पीएफमध्ये ४.२ लाख, नोकरी सात वर्षं, दोन कंपन्यांत मिळून.

१. सेल्स ऑफिसवाले म्हणतात, १० टक्के भरा, बाकी बँक बघून घेईल. खरंच ४.१ लाखांत भागतं का?
२. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला डाउन पेमेंटसाठी सरकारी मदत मिळते का? पंतप्रधान आवास योजनेचं नाव सगळे घेतात.
३. कमी पडलं तर तीन लाखांचं पर्सनल लोन काढावं का?

---

आकडेमोड

पहिल्याच प्रश्नात मेख आहे, म्हणून तिथेच जरा थांबतो.

बँक बाकीचं बघत नाही. रिझर्व्ह बँकेने मर्यादा आखून दिली आहे. कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के, त्यावर ७५ टक्के. शिवाय घर दहा लाखांच्या वरचं असेल तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी किमतीत धरता येत नाही. ते पैसे तुमच्याच खिशातून जातात. ४१ लाखांवर कर्ज मिळणार ३२.८ लाख, तेही बँकेच्या व्हॅल्युअरने तेवढी किंमत लावली तर.

तुमचा खर्च मांडू:

स्वतःचा हिस्सा २० टक्के: ८,२०,०००
मुद्रांक शुल्क ७ टक्के (५ मूळ, १ एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर, १ मेट्रो अधिभार): २,८७,०००
नोंदणी फी: ३०,०००
जीएसटी १ टक्का: ४१,०००
एकूण ११,७८,०००

यात बँकेची प्रोसेसिंग फी, लीगल-व्हॅल्युएशन आणि गहाणखताचं मुद्रांक (कर्जाच्या साधारण ०.३ टक्के, म्हणजे दहा हजारांच्या आसपास) धरलेलं नाही. ३५ हजार धरले तरी बारा लाख ओलांडले. ताबा घेताना सोसायटी वर्गणी, आगाऊ मेंटेनन्स, वीजमीटर हे वेगळं. तो आकडा बिल्डरकडून आत्ताच लेखी घ्या, ताब्याच्या वेळी घासाघीस करायला जागा उरत नाही.

जीएसटीबद्दल एक. १ टक्का दर ४५ लाखांपर्यंतच्या घराला लागतो. मुंबई महानगर क्षेत्रात ६० चौरस मीटर कार्पेटपर्यंत, पुण्यात ९० पर्यंत, कारण या कायद्यापुरतं पुणं मेट्रो शहरांत मोडत नाही. पण ४५ लाखांत पार्किंग, मजल्याचे जादा पैसे, क्लबहाऊस हे सगळं मोजलं जातं. ४१ चे पार्किंग-बिर्किंग धरून ४५ च्या वर गेले की दर थेट ५ टक्के होतो. तुमच्याकडे चार लाखांचं अंतर आहे, तरी कॉस्ट शीट, म्हणजे बिल्डरचा किमतीचा तपशीलवार तक्ता, ओळ न् ओळ वाचा.

आता खरी गंमत. वरच्या ९० आणि ८० टक्क्यांच्या मध्ये एक खड्डा आहे. ३३.३३ लाखांच्या घराला ९० टक्क्यांनी ३० लाख मिळतात. ३७.५ लाखांच्या घराला ८० टक्क्यांनीही ३० लाखच. म्हणजे या दोन किमतींच्या मध्ये घर कितीही महाग झालं तरी कर्ज ३० लाखांवर अडकतं आणि वरचा प्रत्येक रुपया तुम्हीच घालता.

मोशी-चऱ्होली पट्ट्यात, तेच कर धरून:

३३ लाखांचं घर: हिस्सा ३.३०, मुद्रांक २.३१, नोंदणी ०.३०, जीएसटी ०.३३. एकूण ६.२४ लाख.
३६ लाखांचं: एकूण ९.१८ लाख.
३७.५ लाखांचं: १०.८० लाख.
४१ लाखांचं: ११.७८ लाख.

३३ वरून ३६ वर गेलात तर घर तीन लाखांनी महागतं आणि रोख जवळजवळ तेवढीच, २.९४ लाखांनी वाढते. तुमच्या शिलकीत बसणारं घर ३३ लाखांच्या आतबाहेरचं आहे. ४१ चं घर ईएमआयला झेपेल (३२.८ लाख, ८ टक्के, २० वर्षं, साधारण २७,४०० रुपये), पण दारातून आत जायला पैसे नाहीत. लोक ईएमआय तपासतात आणि हे तपासायचं विसरतात.

---

दस्त_क्रमांक_दोन

आकडेमोड यांनी मांडलंय ते बरोबर. पैसे कधी लागतात तेही बघा, कारण तिथे जास्त धांदल उडते.

रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. त्यामुळे 'आधी २० भरा, करारनामा दोन महिन्यांनी' असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. करारनाम्याच्या दिवशी मुद्रांक, नोंदणी, जीएसटी हे एकदम. बँक सहसा तुमचा हिस्सा पूर्ण भरल्याच्या पावत्या बघूनच पहिला चेक सोडते. म्हणजे बुकिंगनंतर दीड-दोन महिन्यांत सगळे बारा लाख बाहेर पडलेले असतात.

पुढचे टप्पे महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यात ठरलेले आहेत. करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झाल्यावर ४५, स्लॅब पूर्ण झाल्यावर ७०, मग भिंती-प्लास्टर-फरशीला ७५ असं करत ९५, आणि शेवटचे ५ टक्के भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा देताना. बिल्डरच्या मसुद्यात जोत्यालाच ६० मागितले असतील तर तो मसुदा नमुन्याशी ताडून बघा.

बुकिंग रद्द झालं तर? महारेराच्या नमुना अलॉटमेंट लेटरमध्ये १५ दिवसांत रद्द केल्यास कपात नाही, ३० दिवसांपर्यंत किमतीच्या १ टक्का, ६० पर्यंत दीड, त्यानंतर २ टक्के. कर्ज नामंजूर झालं तर हेच कलम उपयोगी पडतं. म्हणून कर्जाची मंजुरी आधी, बुकिंग नंतर. उलटं केलंत तर १५ दिवस बँकेच्या फाईलमागेच जातात.

आणि बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांकात १ टक्का सूट आहे, १ एप्रिल २०२१ पासून. तुमच्या बाबतीत ४१ हजार. खरेदीदारांत एकही पुरुष चालत नाही, जोडनावावर सूट नाही.

---

पहिलं_घर_मोशी

बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं तर माझा पगार कर्जाला धरतात का? आणि माझा पीएफ वापरता येईल का?

---

दस्त_क्रमांक_दोन

पगार धरतात. मालक असणाऱ्या सगळ्यांना सहकर्जदार व्हावं लागतं, पण सहकर्जदाराने मालक असायलाच हवं असं नाही. नवरा सहकर्जदार म्हणून बँका सहज घेतात. तोटा एवढाच की मालक नसल्याने व्याजावरची करसवलत तुम्हाला घेता येणार नाही. तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर स्वतः राहायच्या घराच्या व्याजाला तिथे वजावट नाहीच, मग गमावण्यासारखं काही नाही. जुन्या प्रणालीत असाल तर ४१ हजार एका पारड्यात आणि वीस वर्षांची वजावट दुसऱ्या पारड्यात ठेवून बघा.

पीएफलाही हरकत नाही. घर सभासदाच्या, जोडीदाराच्या किंवा दोघांच्या नावावर असलं तरी चालतं.

---

यूएएन_दुरुस्ती

पीएफचं मी लिहितो, इथे दावे फेटाळले जाण्याची कारणं ठरलेली असतात.

पीएफ योजनेच्या जुन्या परिच्छेद ६८-ब प्रमाणे पाच वर्षं सभासदत्व हवं. घर किंवा फ्लॅटसाठी ३६ महिन्यांचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, तुमचा आणि कंपनीचा मिळून व्याजासह जमा हिस्सा, आणि घराची किंमत, या तिन्हींत जे कमी ते मिळतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने सोपी रचना मंजूर केली: सेवा १२ महिने पुरे, पण २५ टक्के शिल्लक खात्यात ठेवायची. अर्ज करताना पोर्टल जी रक्कम दाखवेल तीच धरून चाला, आणि सावधगिरी म्हणून ४.२ लाखांचे ३.१५ समजा. पासबुकातला पेन्शनचा रकाना यात मिळवू नका, तो पैसा घरासाठी निघत नाही.

अर्ज फॉर्म ३१, ऑनलाइन. आधी हे तपासा:

पहिल्या कंपनीचा पीएफ आत्ताच्या खात्यात आला आहे का. आला नसेल तर सात वर्षांऐवजी आत्ताच्याच नोकरीची वर्षं दिसतात आणि दावा जुन्या पाच वर्षांच्या अटीवर पडतो.

जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का. ती नसेल तर ट्रान्सफर अडते.

आधार, पॅन, बँक खातं या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का. वडिलांचं नाव एकीकडे आहे, दुसरीकडे नाही, एवढ्यावरून दावे परत येतात.

हे सगळं बुकिंगच्या आधी करा. तारीख आणि स्पेलिंगच्या दुरुस्तीला आठवडे जातात आणि बिल्डरच्या मागणीपत्राला तेवढा धीर नसतो.

आणि एक मत. २०२४-२५ साठी पीएफवर ८.२५ टक्के व्याज होतं. गृहकर्ज साधारण त्याच दराच्या आसपास असताना पीएफ रिकामा करून कर्ज कमी करण्यात फार फायदा नाही. कमी पडतंय तेवढंच काढा.

---

नाशिक_रोड

धागाकर्त्याची परवानगी गृहीत धरून माझंही विचारतो. नाशकात २९ लाखांचा फ्लॅट, तयार, भोगवटा प्रमाणपत्र आहे. दोघांचं मिळून महिन्याला ४६ हजार. आवास योजनेत बसतो का? गावी वडिलांच्या नावावर पक्कं घर आहे.

---

आकडेमोड

तुम्ही बसता, मोशीवाले बसत नाहीत. शहरी आवास योजना २.० (१ सप्टेंबर २०२४ पासून) मधल्या व्याज अनुदानाच्या अटी अशा: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, कार्पेट १२० चौरस मीटरपर्यंत. देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नको. मोशीवाल्यांचं उत्पन्न हातात येणारंच १०.३ लाख आहे आणि घर ४१ लाखांचं. दोन्हीकडून बाहेर.

तुमचं ५.५२ लाख, म्हणजे अल्प उत्पन्न गट. इथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. वडिलांचं घर त्यात येत नाही. पण गावच्या घराच्या नमुना ८ वर (ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत) वारसा म्हणून तुमचं नाव लागलेलं आहे का ते ग्रामपंचायतीत बघून या. शपथपत्र तुम्हालाच द्यायचं आहे.

आता दोन गोष्टी, ज्या एजंट सांगत नाहीत.

हे अनुदान डाउन पेमेंट नाही. पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर ४ टक्के व्याज अनुदान, १२ वर्षांपर्यंतच्या मुदतीचा हिशेब, जास्तीत जास्त १.८० लाख. तेही पाच वार्षिक हप्त्यांत, म्हणजे दरवेळी ३६ हजार, आणि जमा होतं कर्जखात्यात. घर घेताना एक रुपयाही हातात येत नाही. अनुदानाचा हप्ता येताना कर्ज चालू हवं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी हवी. म्हणून मध्येच मोठी परतफेड करायची घाई नको.

दुसरी गोष्ट. २९ लाखांवर बँक ९० टक्क्यांनी २६.१ लाख देऊ करेल. ते घेतलंत तर कर्ज २५ लाखांच्या वर गेलं, अनुदान गेलं. २५ च घ्या. १.१ लाख जास्त स्वतःचे घालावे लागतील, पण १.८ लाख सुटतात. तुमची रोख: हिस्सा ४ लाख, मुद्रांक ६ टक्क्यांनी १.७४ (नाशकात मेट्रो अधिभार नाही), नोंदणी २९ हजार. एकूण ६.०३ लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर जीएसटी नाही. पत्नीच्या नावावर घेतलंत तर आणखी २९ हजार वाचतात.

२५ लाखांचा ईएमआय ८ टक्के, २० वर्षं धरून २०,९०० च्या आसपास. ४६ हजारांत ते ताणलेलंच आहे, त्यात दुसरा हप्ता नको.

---

सोडत_बघणारा

म्हाडाचं कोणी लिहिलं नाही म्हणून. पुणे महानगर क्षेत्रात अत्यल्प गट ६ लाखांपर्यंत, अल्प ९, मध्यम १२ लाख कौटुंबिक उत्पन्न. खासगी प्रकल्पांतली २० टक्के योजनेतली घरं अत्यल्प आणि अल्प गटासाठी असतात, त्यामुळे मोशीवाले त्यांत नाहीत. मध्यम गटात अर्ज करता येईल, घरं कमी निघतात. अधिवास दाखला, उत्पन्नाचा पुरावा, आधार, पॅन आधीच अपलोड करून पात्रता करून ठेवा, जाहिरात आल्यावर तहसीलच्या रांगेत उभं राहू नका. सोडतीत घर लागलं तर देकारपत्रातल्या (म्हाडाच्या ऑफर लेटरमधल्या) मुदतीत पैसे भरायचे असतात, आणि घर पाच वर्षं विकता येत नाही.

---

आकडेमोड

पर्सनल लोनचा प्रश्न राहिला. ३ लाख, ५ वर्षं, १२ टक्के: महिना साधारण ६,६७० रुपये. बँकेच्या गणितात ते कदाचित बसेल, तुमच्या घरच्या गणितात बसेल का बघा. बांधकाम चालू असताना भाडं थांबत नाही. स्लॅब पूर्ण झाले की ७० टक्के मागणी येते. त्यातले तुमचे २० वजा जाता बँकेचे ५० टक्के, म्हणजे २०.५ लाख सुटलेले असतात. त्यावर ८ टक्क्यांनी नुसतं व्याज १३,६६७. वर भाडं १६,०००, वर पर्सनल लोन. ३६ हजार गेले आणि घराची एक खोलीही ताब्यात नाही. ताबा लांबला तर हे चालूच.

आणि लपवून काढायचा विचार नको. कर्ज सोडण्याआधी बँका पुन्हा सिबिल, म्हणजे तुमच्या कर्जांची नोंद, बघतात. ऑफिसच्या पतसंस्थेचं कर्ज पगारपत्रकात कपात म्हणून दिसतंच. त्यापेक्षा विमा पॉलिसीच्या सरेंडर किमतीवर (पॉलिसी आत्ता मोडली तर मिळणाऱ्या रकमेवर) किंवा एफडीवर कर्ज बरं, व्याज कमी आणि मासिक हप्त्याचा फास नाही. पॉलिसी दोन-तीन वर्षांचीच असेल तर मात्र सरेंडर किंमत नगण्य निघते.

---

दस्त_क्रमांक_दोन

दोन सापळ्यांबद्दल सावध करतो. सेल्स ऑफिस १० टक्क्यांचं बोलतंय म्हणजे यांतला एक नक्की कानावर येईल.

एक, '१०:९०, बाकी ताब्याला'. रिझर्व्ह बँकेने ३ सप्टेंबर २०१३ लाच सांगितलंय की कर्ज बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणेच सोडायचं. बिल्डर खरोखर ९० टक्के ताब्यापर्यंत थांबणार असेल आणि तसं करारनाम्यात असेल तर उत्तमच. पण तुमच्या नावावर कर्ज उचलून 'व्याज आम्ही भरू' असं असेल तर बिल्डर थकला त्या दिवशी बँक तुमच्या दारात येते.

दोन, करारनामा फुगवणं. ४१ चं घर ५० ला दाखवू, बँक ४० देईल, डाउन पेमेंट शून्य. ही बँकेची फसवणूक आहे आणि सही तुमची असते. वर नऊ लाखांवर ७ टक्के मुद्रांक, म्हणजे ६३ हजार जास्त. ४५ लाख ओलांडल्याने जीएसटी ५ टक्के, म्हणजे ४१ हजारांचे अडीच लाख. ५० लाखांना पोचल्याने १ टक्का टीडीएसही कापून भरायचा. एवढं करून व्हॅल्युअरने ४१ च लावले तर हातात काहीच नाही.

बिल्डरने किंमत खरोखर कमी करून मुद्रांकाचा भार स्वतः घेतला तर त्यात गैर काही नाही. फक्त पावती तुमच्या नावाची घ्या.

---

पहिलं_घर_मोशी

सगळ्यांचे आभार. ३३-३४ च्या आत चऱ्होलीकडे बघायला लागतो. शेवटचं विचारतो: मामा दीड लाख द्यायला तयार आहेत, मामेभाऊ एक लाख. रोखीने घेऊ का?

---

आकडेमोड

रोखीने अजिबात नको. उसने म्हणून २० हजार किंवा जास्त रोख घेतले तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय रोखीचा हिस्सा बँकेला दाखवायचा कसा?

मामा आयकराच्या दृष्टीने 'नातेवाईक' आहेत. आईवडिलांची भावंडं त्यात येतात, म्हणजे काका, आत्या, मावशीही. त्यांची भेट कितीही असली तरी करमुक्त. खात्यावर घ्या, साधं बक्षीसपत्र करून ठेवा, बँक मागते. मामेभाऊ त्या व्याख्येत नाही. वर्षभरात अशा लोकांकडून मिळून ५० हजारांच्या वर भेट आली तर सगळी रक्कम करपात्र. त्याच्याकडून भेट नको, उसने घ्या. चेकने, परतफेडीच्या तारखा लिहून.

३३ लाखांच्या घराला बँकखर्चासह साडेसहा लागतात. बचतीतले ४, मामांचे १.५, पीएफचे १. भावाचे घ्यायची वेळ येत नाही आणि दीड लाख खात्यात राहतात. ते सोसायटी वर्गणी आणि मीटरसाठी ठेवा, फर्निचरसाठी नाही. ३४ कडे सरकलात तर कर्ज ३० वर थांबतं, वरचे पैसे याच दीड लाखातून जातील. चऱ्होलीत कॉस्ट शीट मागताना पार्किंग धरून विचारा, ३३ चे ३५ तिथेच होतात.